ब्रिटनमधून जर्मनीत राहायला जाताना मोटरहोम सोबत नेणं: विमा, कस्टम्स आणि नवी नंबरप्लेट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ब्रिटनमध्ये काही वर्षं नोकरी करून जर्मनीत स्थलांतर करणाऱ्या मराठी कुटुंबांकडे आता कॅम्परव्हॅन आणि मोटरहोमही दिसू लागली आहेत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून ही गाडी नेणं म्हणजे संघाबाहेरून माल आयात करणं. त्यामुळे विम्याचा प्रश्न एकट्याने सुटत नाही. विमा नोंदणीवर अवलंबून, नोंदणी कस्टम्सच्या दाखल्यावर आणि कस्टम्स ब्रिटनमधून आणलेल्या कागदांवर. पुढची उत्तरं खासगी वापराच्या, स्वतःच्या मालकीच्या गाडीसाठी आहेत.

ब्रिटिश नंबरप्लेटवर जर्मनीत किती दिवस गाडी चालवता येते?

तुम्ही पर्यटक असाल तर नोंदणीच्या नियमाने एक वर्षापर्यंत, पण कस्टम्सच्या नियमाने सहा महिनेच. पण तुम्ही जर्मनीत राहायला आलात आणि गाडी तिथेच उभी राहू लागली की ही सवलत संपते. गाडीचा नेहमीचा मुक्काम जर्मनीत म्हणजे नोंदणी जर्मनीत, आणि तीही लगेच. "सहा महिने चालतं", "वर्षभर कोणी विचारत नाही" असं ओळखीचे लोक सांगतात. त्यावर जाऊ नका. पोलिसांनी पकडलं तर वाहनकर बुडवल्याचा मुद्दा निघतो. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर ब्रिटिश विमा कंपनी विचारते की तुम्ही राहायला कुठे आहात.

मग ब्रिटिश पॉलिसी जर्मनीत चालतच नाही का?

प्रवासापुरती चालते. ऑगस्ट २०२१ पासून ब्रिटिश गाड्यांना युरोपीय संघात ग्रीन कार्ड (परदेशात विमा असल्याचा पुरावा) लागत नाही, आणि प्रत्येक ब्रिटिश पॉलिसीत तिथल्या कायद्यापुरतं किमान थर्ड पार्टी संरक्षण असतं. स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आतलं सामान यांचं पूर्ण संरक्षण मात्र ठरावीक दिवसांपुरतंच असतं, आणि जवळपास प्रत्येक पॉलिसीची अट असते की गाडीचा मालक ब्रिटनचा रहिवासी हवा.

तुम्ही पत्ता बदलला आणि कंपनीला कळवलं नाही तर ती मोठा दावा नाकारू शकते. म्हणून निघण्यापूर्वी कंपनीला ईमेल पाठवा: अमुक तारखेला कायमचं जर्मनीत जात आहोत, जर्मन नोंदणी होईपर्यंत साधारण सहा आठवडे पॉलिसी चालू ठेवाल का? होकार लेखी घ्या. फोनवर मिळालेल्या "नो प्रॉब्लेम"चा दाव्याच्या वेळी उपयोग नाही. कंपनी नाही म्हणाली तर ते निघण्यापूर्वीच कळलेलं बरं. मग जर्मन सीमाविम्याची (परदेशी गाडीच्या अल्पमुदतीच्या विम्याची) चौकशी करायला वेळ मिळतो.

ब्रिटन सोडण्यापूर्वी कोणते कागद जमवायचे?

सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडकतात, म्हणून थोडं सविस्तर.

लॉगबुक, म्हणजे व्ही५सी हा ब्रिटिश नोंदणीचा कागद, मालकीचा पुरावा नाही. ते त्याच्यावर ठळक छापलेलंच असतं: त्यात नोंद असते ती गाडी सांभाळणाऱ्याची. जर्मन नोंदणी कार्यालय मात्र मालकीचा पुरावा मागतं. म्हणून खरेदीचं मूळ बिल किंवा दोन्ही बाजूंच्या सह्यांची विक्रीपावती हवी, त्यावर चॅसिस नंबर पूर्ण सतरा अक्षरी लिहिलेला. जुनी गाडी खासगी माणसाकडून घेतली असेल आणि पावती साधी चिठ्ठी असेल, तर विकणाऱ्याचा संपर्क आहे तोवर नीट पावती करून घ्या. गाडी कर्जावर असेल तर वित्तसंस्थेच्या लेखी परवानगीशिवाय तिला देशाबाहेर नेऊ नका.

दुसरा कागद सीओसी, म्हणजे गाडी युरोपीय मानकांनुसार बनल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र. मोटरहोम दोन टप्प्यांत बनतं: फियाट, प्यूजो, फोर्ड यांची मूळ गाडी आणि त्यावर दुसऱ्या कंपनीने बांधलेलं घर. फक्त मूळ गाडीचं प्रमाणपत्र पुरत नाही, घर बांधणाऱ्या कंपनीचंही लागतं. त्यावरचा मान्यता क्रमांक छोट्या 'ई' अक्षराने सुरू होतो का पाहा. ब्रिटनची जुनी युरोपीय मान्यता 'ई११' असते. केवळ ब्रिटनपुरत्या मर्यादित उत्पादनाच्या मान्यतेचा कागद जर्मनीत सीओसी म्हणून चालत नाही.

तिसरा, विमा कंपनीच्या लेटरहेडवर नो क्लेम बोनसचं पत्र. त्यात पॉलिसीधारकाचं नाव, गाडीचा नंबर, पॉलिसीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा, दाव्यांचा वर्षवार तपशील आणि पॉलिसी मोटरहोमची होती की साध्या कारची, हे सगळं हवं. नूतनीकरणाच्या नोटिशीत "९ वर्षं" एवढाच आकडा असेल तर जर्मन कंपन्या तो सहसा मान्य करत नाहीत.

शिवाय ब्रिटनमध्ये राहत होता याचे पुरावे. जर्मनीत पत्ता सोडताना नोंद रद्द केल्याचा दाखला मिळतो, ब्रिटनमध्ये तशी पद्धतच नाही. म्हणून गेल्या किमान बारा महिन्यांची कौन्सिल टॅक्सची बिलं, भाडेकरार, पगाराच्या पावत्या आणि नोकरी संपल्याचा पी४५ एकत्र ठेवा.

पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आहे, लॉगबुकवर नाही. अडचण येईल?

येते, आणि मराठी लोकांना हमखास येते. पासपोर्टवर नाव, मधलं नाव, आडनाव. लॉगबुकवर फक्त आद्याक्षर आणि आडनाव. बिलावर लग्नाआधीचं आडनाव. जर्मन कार्यालयात पत्त्याची नोंद पासपोर्टप्रमाणे होते आणि पुढचा प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून पाहिला जातो. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी डीव्हीएलएकडून, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी संस्थेकडून, लॉगबुकवरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. विमा कंपनीलाही त्याच नावाने पत्र द्यायला सांगा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाहाचा दाखला आणि त्याचं प्रमाणित जर्मन भाषांतर जवळ असू द्या.

डीव्हीएलएला कधी कळवायचं?

गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहणार असेल तर लॉगबुकमधला कायमच्या निर्यातीचा भाग भरून, फाडून डीव्हीएलएच्या स्वॉन्झीच्या कार्यालयाला पाठवायचा. उरलेलं लॉगबुक तुमच्याकडेच ठेवायचं, कारण जर्मन नोंदणीला तेच लागतं. अनेक जण अख्खं लॉगबुक पाठवून देतात आणि मग महिनाभर हात चोळत बसतात.

हा भाग आठवडाभर आधी टाकू नका. तो पोचला की ब्रिटिश वाहनकर रद्द होतो आणि बंदरापर्यंतचा तुमचा प्रवास बिनकराचा ठरतो. गाडी बोटीवर चढण्याच्या दिवशी पोस्टात टाका. कराच्या उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा जर्मन पत्त्यावर हवा असेल तर सोबत तसं पत्र जोडा. फाडण्याआधी लॉगबुकच्या प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढा. हौसेने घेतलेला खास नंबर असेल तर तो आधी स्वतःच्या नावावर राखून घ्या, निर्यातीनंतर तो हातचा जातो.

कस्टम्सला किती पैसे भरावे लागतात?

अटी पूर्ण केल्या तर काहीच नाही. घरसामानासोबत राहती जागा बदलणाऱ्यांना युरोपीय संघाची सवलत आहे, जर्मनीत तिला 'उम्त्सुग्सगुट' म्हणतात. अटी अशा: तुम्ही सलग किमान बारा महिने संघाबाहेर राहत होता; गाडी किमान सहा महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली होती; आणि जर्मनीत राहायला आल्यापासून बारा महिन्यांच्या आत ती आणली. अर्जाचा क्रमांक ०३५०.

सवलत मिळाल्यावर पुढचे बारा महिने गाडी विकता, भाड्याने देता, गहाण टाकता किंवा कोणाला वापरायला उसनी देता येत नाही. दिलीत तर माफ झालेला कर भरावा लागतो. मोटरहोम भाड्याने देऊन खर्च काढायचा बेत असेल तर तो वर्षभर पुढे ढकला.

सवलत बसत नसेल तर आकडा मोठा होतो. ४०,००० युरो किमतीच्या गाडीवर १० टक्के आयातशुल्क म्हणजे ४,००० युरो, आणि मग ४४,००० वर १९ टक्के विक्रीकर म्हणजे ८,३६० युरो. एकूण १२,३६०, आणि करपात्र किमतीत वाहतूकखर्च धरला तर त्याहून थोडा जास्त. गाडी ब्रिटनमध्ये बनल्याचा नियमाप्रमाणे पुरावा असेल तर व्यापार करारामुळे आयातशुल्क माफ होऊ शकतं, विक्रीकर मात्र सुटत नाही. "निघायच्या आधी ब्रिटनमध्येच नवीन घेऊ, तिथे निवड जास्त आहे" असा विचार करणाऱ्यांनी सहा महिन्यांची अट पुन्हा वाचावी.

ब्रिटनहून तुम्ही बहुधा फ्रान्स किंवा नेदरलँड्समार्गे शिराल, जर्मनीची सीमा नंतर येते. त्यामुळे गाडी कुठे जाहीर करायची हा प्रश्न उभा राहतो. तुमच्या नव्या गावाच्या जर्मन कस्टम्स कार्यालयाला, म्हणजे 'त्सोलआम्ट'ला, आधीच ईमेल करून मार्ग आणि तारीख कळवा, आणि सीमेवर काय दाखवायचं हे लेखी विचारा. सगळं झालं की तिथून 'उनबेडेंकलिश्काइट्सबेशाइनिगुंग' हा दाखला घ्या. त्याच्याशिवाय नोंदणी होत नाही.

जर्मनीत पोचल्यावर कामं कोणत्या क्रमाने करायची?

१. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद आणि तिचा दाखला.
२. कस्टम्सचा दाखला.
३. दिवे, गॅस वगैरे तांत्रिक बदल.
४. गॅसची तपासणी, आणि ट्यूफ, डेक्रा किंवा तत्सम संस्थेकडून गाडीची मुख्य तपासणी. सीओसी नसेल तर जर्मन वाहन नियमावलीच्या परिच्छेद २१ खालचा पूर्ण अहवाल.
५. जर्मन विमा कंपनीकडून ईव्हीबी क्रमांक (विमा असल्याचा पुरावा).
६. नोंदणी कार्यालयाची वेळ, नंबरप्लेट, शिक्के.
७. त्याच तारखेपासून ब्रिटिश पॉलिसी रद्द.

सहाव्या पायरीची वेळ पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन धरून ठेवा. मोठ्या शहरांत ती सहज मिळत नाही.

ब्रिटनची एमओटी (सक्तीची वार्षिक वाहन तपासणी) ताजी आहे. पुन्हा तपासणी का?

कारण जर्मनी ती आपल्या मुख्य तपासणीऐवजी धरत नाही. ३.५ टनांपर्यंतच्या मोटरहोमला नवेपणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी ही तपासणी लागते. ३.५ ते ७.५ टनांमधल्या गाडीला पहिली सहा वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

तपासणीत ब्रिटिश मोटरहोम कशावरून अडकतं?

बहुतेक वेळा पुढच्या दिव्यांवरून. डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीच्या दिव्याचा झोत डावीकडे वर उचललेला असतो. जर्मनीत तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. प्रवासात चिकटवायच्या पट्ट्या कायमच्या नोंदणीला चालत नाहीत. दिव्याच्या काचेवर 'ई' चिन्हाजवळ पाहा: एकाच दिशेचा बाण असेल तर दिवा फक्त डाव्या वाहतुकीचा, दोन्ही टोकांचा बाण असेल तर दोन्हीकडे चालणारा, बाणच नसेल तर उजव्या वाहतुकीचा. एकेरी बाण असेल तर दोन्ही दिवे बदलावे लागतात. फियाट डुकाटोसारख्या खूप खपलेल्या गाडीचे दिवे वापरलेले मिळतात. महागड्या बसवजा मोटरहोमचे मिळायला वेळ लागतो, म्हणून आधी मागवा.

मागचा धुक्याचा दिवा एकच असेल तर तो जर्मनीत मध्यावर किंवा डावीकडे हवा. ब्रिटिश गाडीत तो उजवीकडे असतो. कधी डावीकडच्या घरात बल्ब आणि वायर टाकून काम भागतं, कधी वेगळा दिवा बसवावा लागतो. दोन्ही बाजूंना असतील तर प्रश्न नाही.

वेगमापकावर ताशी किलोमीटर वाचता यायला हवेत, सोबत मैल असले तरी हरकत नाही. स्टिअरिंग उजवीकडे असणं चालतं. राहण्याच्या भागाचं दार ब्रिटिश बांधणीत बहुधा डावीकडे असतं. रस्त्याकडेला थांबल्यावर ते वाहतुकीच्या बाजूला उघडतं. मुलं असतील तर पहिल्याच दिवशी त्यांना ते नीट समजावून सांगा.

गॅसचं काय?

जर्मनीत मोटरहोमच्या गॅसव्यवस्थेची तपासणी जून २०२५ पासून बंधनकारक आहे, दर दोन वर्षांनी. तिची नोंद पिवळ्या तपासणी पुस्तिकेत होते. दाबनियंत्रक आणि रबरी नळ्या दहा वर्षांनी बदलाव्या लागतात. त्यांच्यावर उत्पादनाची तारीख कोरलेली किंवा छापलेली असते, ती वाचा. ती वाचता येत नसेल तर नळी बदलूनच टाका, वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

ब्रिटिश सिलिंडर जर्मनीत बदलून मिळत नाहीत आणि बरेचसे तुमच्या मालकीचेही नसतात, गॅस कंपनीचे असतात. ते ब्रिटनमध्येच परत करा. जर्मनीत ५ आणि ११ किलोचे राखाडी सिलिंडर सगळीकडे मिळतात, पण त्यांची आटी वेगळी, डाव्या फेऱ्याची. त्यासाठी योग्य जोडणी लागते. ११ किलोचा सिलिंडर तुमच्या गॅसच्या कप्प्यात उंचीला बसतो का, हेही मोजून पाहा. आतल्या शेगडीवर आणि हीटरवर ३० मिलिबार लिहिलेलं असेल तर ठीक. जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्रोपेनसाठी ३७ मिलिबारची उपकरणं असतात, त्यांचं काय करायचं हे तपासनिसालाच विचारा. गाडी २००७ नंतरची असेल आणि चालताना हीटर लावायचा असेल, तर अपघातात गॅस आपोआप बंद करणारा नियंत्रक हवा.

घरी बांधलेली कॅम्परव्हॅन आहे, लॉगबुकवर "खिडक्या असलेली व्हॅन" लिहिलंय. चालेल?

जर्मनीत गाडी काय आहे हे लॉगबुकवरून न ठरता तपासनिसाच्या अहवालावरून ठरतं. बसायची जागा आणि टेबल, झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटं गाडीला पक्की बसवलेली असली (टेबल काढता येणारं चालतं) तर ती 'वोनमोबिल' म्हणून नोंदवता येते. नुसता सुटा गॅसचा चुलाणा ठेवून भागत नाही. अहवालात वर्ग चुकला तर कर आणि विमा दोन्ही मालवाहू गाडीचे लागतात, म्हणून तो कागद तिथेच उभं राहून वाचा.

जर्मन विमा ब्रिटिश विम्यापेक्षा वेगळा कसा?

ब्रिटनमध्ये विमा चालकाभोवती फिरतो, जर्मनीत गाडीभोवती. थर्ड पार्टी विम्याला 'हाफ्टफ्लिष्ट' म्हणतात, तो सक्तीचा. बहुतेक पॉलिसींत १० कोटी युरोपर्यंतचं संरक्षण असतं. 'टाइलकास्को'त चोरी, आग, गारपीट, वादळ, काच फुटणं आणि मार्टेन नावाच्या प्राण्याने वायरी कुरतडणं येतं. 'फोल्कास्को'त स्वतःच्या चुकीने झालेलं नुकसानही येतं.

ईव्हीबी हा सात अक्षर-आकड्यांचा क्रमांक आहे. कंपनी तो ईमेलवर देते, नोंदणी कार्यालय संगणकात पाहतं, कागदी प्रमाणपत्र लागत नाही. पण तो देताना मिळतं ते तात्पुरतं थर्ड पार्टी संरक्षण. टाइलकास्को किंवा फोल्कास्को पहिल्या दिवसापासून हवं असेल तर तसं लेखी मागा. हप्ता थकला तर कंपनी नोंदणी कार्यालयालाच कळवते आणि ते गाडी रस्त्यावरून उतरवतात.

नो क्लेम बोनसचं रूपांतर 'एसएफ' वर्गात होतं. ब्रिटिश वर्षं किती धरायची हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, म्हणून तीन-चार ठिकाणी तेच पत्र दाखवून विचारा. तीच वर्षं कार आणि मोटरहोम दोन्हीला वापरता येत नाहीत.

उजव्या स्टिअरिंगची गाडी जर्मन बाजारात कमी किमतीला जाते. गाडी पूर्ण नष्ट झाली तर भरपाई त्या बाजारभावाने होऊ नये म्हणून तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल आधीच विमा कंपनीला द्या. आतलं सामान, म्हणजे सायकली, कॅमेरे, लॅपटॉप, यांचा विमा वेगळा. ओल शिरून लाकूड कुजलं तर ते सहसा पॉलिसीत येत नाही.

फक्त उन्हाळ्यात वापरतो. वर्षभराचा विमा घ्यायलाच हवा?

नाही. हंगामी नंबरप्लेट मिळते, दोन ते अकरा महिन्यांची. उदाहरणार्थ ०४ ते १० म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. कर आणि हप्ता तेवढ्याच महिन्यांचा. हंगामाबाहेर गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही, खासगी जागा हवी. एसएफ वर्ग दरवर्षी वाढायला हवा असेल तर हंगाम किमान सहा महिन्यांचा ठेवा.

वाहनकर किती?

मोटरहोमचा कर वजन आणि प्रदूषण वर्गावर ठरतो. एस४ किंवा त्याहून चांगल्या वर्गात पहिल्या २,००० किलोंना दर २०० किलोमागे १६ युरो, पुढे दर २०० किलोमागे १० युरो. ३,५०० किलोच्या गाडीला वर्षाला २४० युरो. प्रदूषण वर्गाचा पुरावा नसेल तर वरचा दर लागतो, इथेही सीओसी उपयोगी पडतं. शहरातल्या कमी प्रदूषणाच्या क्षेत्रात शिरायला लागणाऱ्या हिरव्या स्टिकरसाठीही तोच पुरावा. डिझेलला साधारण युरो ४ हवं.

ब्रिटिश लायसन्सवर चालवता येईल?

राहायला आल्यापासून सहा महिने. तेवढ्यात ते जर्मन लायसन्समध्ये बदलून घ्या, परीक्षा द्यावी लागत नाही. फक्त भारतीय लायसन्स असेल तर सहा महिन्यांनंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा आहेत. साध्या बी वर्गावर ३,५०० किलोंपर्यंतच चालवता येतं; त्याहून जड गाडीला सी१ हवं. मर्यादा कागदावरच्या कमाल वजनाची आहे, गाडी रिकामी असल्याने फरक पडत नाही.

पुढे कधी हीच गाडी भारतात नेता येईल?

कायमची नेणं जवळपास अशक्य. वापरलेली गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या स्टिअरिंगची हवी, फक्त मुंबई बंदरातून आणता येते, शिवाय सीमाशुल्क जबर आहे. रस्त्याने किंवा बोटीने फिरायला नेऊन परत आणायची असेल तर कार्ने द पासाज हे कस्टम्सचं हमीपत्र घेऊन तात्पुरती नेता येते. पण लक्षात घ्या, जर्मन पॉलिसीचं संरक्षण साधारण युरोपापुरतं असतं. तुर्कस्तानच्या आशियाई भागापासून पुढे ते वेगळं मागून घ्यावं लागतं, आणि भारतात शिरताना स्थानिक थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो.